बंद पडलेले कौलारू घर: आधी वासे टोचून पाहा

कोकणातले वर्षानुवर्षे बंद असलेले घर उघडले की भिंतींना हात लावण्याआधी छपर तपासा. मे महिन्यात भर दुपारी दारे-खिडक्या लोटून आत थांबा. सूर्य डोक्यावर असल्याने कवडसे फुटक्या कौलांच्या जवळजवळ खालीच पडतात. तिथे खडूने खुणा करा.

मग स्क्रूड्रायव्हरने वासे टोचा, विशेषतः भिंतीवर टेकलेली टोके. ओल तिथेच साचते, वाळवीही भिंतीतून तिथेच चढते. लाकूड वरून धड दिसते, आत भुसा झालेला असतो. टोक सेंटिमीटरभर सहज घुसले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर खालून टेकू दिल्याशिवाय कुणालाही छपरावर चढू देऊ नका. कौले उतरवताना दोन्ही उतारांवरून सारखी उतरवा, नाहीतर भार एकीकडे जाऊन कुजके छपर कलते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र कधीच नको. ओल आत कोंडते, गिलावा फुगून सुटतो आणि येताना भिंतीचे पापुद्रेही ओढून आणतो. खड्डे मातीनेच बुजवा. वरून हवा तर 1 भाग भिजवून मुरवलेला चुना आणि 3 भाग वाळू.