व्होल्ट आणि अँपिअर मोजलेत? रोध आणि शक्ती हातातच आहेत

मीटरवर दोनच आकडे घ्या: उपकरणाच्या दोन टोकांमधला व्होल्टेज आणि त्यातून वाहणारा प्रवाह. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध ओहममध्ये मिळतो, गुणलं की शक्ती वॅटमध्ये. १२ व्होल्टच्या दिव्यातून १.७५ अँपिअर वाहत असतील, तर शक्ती २१ वॅट आणि रोध साधारण ६.८६ ओहम.

सर्वाधिक घोटाळा होतो तो मिलिअँपिअरमुळे. मीटरवर २० मिलिअँपिअर दिसले तर गणितात ०.०२ लिहायचं. हे विसरलात तर रोध हजार पटीने कमी येतो आणि शक्ती हजार पटीने जास्त. उत्तर विचित्र वाटलं, तर मी आधी हेच तपासतो.

आता हाच दिवा बंद करून, सुटा काढून ओहममीटरने मोजा. रोध कितीतरी कमी दिसेल, जेमतेम एखादा ओहम. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध अनेक पटींनी वाढतो. म्हणून चालू दिव्याचा रोध हवा असेल तर तो चालू असतानाच्या व्होल्ट-अँपिअरवरूनच काढा. दिवा लावताक्षणी प्रवाहाचा मोठा झटका बसतो तोही यामुळेच, फ्यूज निवडताना हे ध्यानात असू द्या.

एसीवरच्या मोटरला मात्र हा साधा गुणाकार पुरत नाही. तिथे येणारा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो, त्याला पॉवर फॅक्टरने (त्यातला किती हिस्सा खरी शक्ती आहे ते सांगणाऱ्या, शून्य ते एकमधल्या आकड्याने) गुणल्यावर खरे वॅट मिळतात.