कोकणातून परदेशी विमान पकडताय? अंतर-वेळेच्या या चुका टाळा

माझ्या आतेभावाचं मस्कतचं पहिलंच विमान चुकलं. तिकिटावर 15 तारीख आणि 00:40 अशी वेळ होती. 15 ला सकाळी देवापुढे नारळ ठेवला, बॅगेत कुळथाचं पीठ आणि आगळाची बाटली भरली आणि चिपळूणहून गाडी निघाली. तोवर विमान जाऊन आठ तास झाले होते. 00:40 म्हणजे 14 ची रात्र बारा वाजता सरते, त्यानंतरची चाळीस मिनिटं. अशा तिकिटाला घर 14 च्या सकाळीच सोडायचं. कॅलेंडरवर खूण 14 वरच करा, 15 वर नको.

दुसरी चूक वजाबाकीची. मुंबईहून पहाटे 4:30 ला निघून दुबईला 6:10 ला उतरणार, म्हणजे 1 तास 40 मिनिटांत पोचला, असं घरचे सांगत सुटतात. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून खरा प्रवास 3 तास 10 मिनिटांचा. येताना उलटं: रात्री 10 ला निघालेलं विमान 2:30 ला उतरलं तर साडेचार नव्हे, तीनच तास झाले. लंडनला अजून एक गाठ आहे. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. त्यामुळे फरक उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास.

अंतराला वेगाने भागून वेळ काढू नका. मुंबई-लंडन सुमारे 7,200 किलोमीटर, पण जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, कारण वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. त्यात धावपट्टीपर्यंत सरकण्याचा वेळही धरावा लागतो. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतरही फसवं. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते लंडन सुतळी ताणून बघा, ती नकाशावरच्या रेषेपेक्षा उत्तरेकडे वळलेली दिसेल. आणि आकड्यापुढे सागरी मैल लिहिलेत का, तेही बघा. होडी चालवणाऱ्या आपल्या तांडेलांना ते ठाऊकच असतं: एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

आपल्याकडची सगळ्यात महाग चूक मात्र जमिनीवरची. रत्नागिरी ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत 240 किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने त्याहून शंभरेक जास्त. दुबईच्या विमानाला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ या रस्त्यालाच लागतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तेच बघा. सावंतवाडी-कुडाळकडच्यांनी गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमान मिळतंय का हे आधी विचारावं; ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. आतेभाऊ आता आदल्या दिवशीच निघतो आणि ठाण्याला मावशीकडे दुपारचं जेवून विमानतळाची वाट धरतो.