मिथेन-मिथेनॉलवर जगणारा बॅक्टेरिया कुठला पाथवे (कार्बनपासून पेशी बनवायची रासायनिक वाट) वापरतो, कसं ओळखायचं

आधी फॉर्माल्डिहाइड शोधा, कारण मिथेन असो की मिथेनॉल, बहुतेकांची वाट तिथूनच जाते आणि खरा फाटा तिथेच फुटतो, काही कार्बन जाळून कार्बन डायऑक्साइड होतो, एनर्जी मिळते, उरलेल्यातून पेशी बनते.

मग जीनोममध्ये हेक्स्युलोज फॉस्फेट सिंथेज बघा. हे एन्झाइम फॉर्माल्डिहाइड थेट रिब्युलोज ५-फॉस्फेट या साखरेला जोडतं, म्हणजे रम्प (रिब्युलोज मोनोफॉस्फेट) सायकल. पण एवढ्यावर शिक्का मारू नका हां, बॅसिलस सबटिलिसमध्येही ते आहे, तिथे फक्त विषारी फॉर्माल्डिहाइड निपटायला. म्हणून मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करणारं मिथेनॉल डिहायड्रोजिनेज सोबत आहे का ते बघाच.

हेक्स्युलोज फॉस्फेट सिंथेज नाही मिळालं तर सेरीन सायकल तपासा. इथे ग्लायसिनला एक कार्बन जोडून सेरीन होतं, शिवाय कार्बन डायऑक्साइडही आत घेतला जातो. सेरीन बनवणाऱ्या ग्लायए जीनवरून ठरवू नका, तो जवळपास सगळ्यांकडे असतो. मॅलेट थायोकायनेज आणि मॅलिल-कोए लायेज ही एन्झाइमची जोडी शोधा. मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो ग्लायऑक्सिलेट (ज्यापासून पुन्हा ग्लायसिन होतं) परत बनवण्याचा, मिथायलोरुब्रम एक्सटॉर्क्वेन्स एएम१ या बॅक्टेरियात जवळच्या रस्त्याचं एन्झाइम आयसोसायट्रेट लायेजच नाही, तो एथिलमॅलोनिल-कोएच्या लांबच्या रस्त्याने जाऊन काम भागवतो.

दोन्ही सायकल नसतील तर रुबिस्को (केल्विन सायकलमध्ये कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम) बघा, मिथायलॲसिडिफिलम हा बॅक्टेरिया मिथेन खातो पण कार्बन केल्विन सायकलनेच घेतो. आणि मिथायलोकोकस कॅप्सुलेटसकडे रम्पसोबत रुबिस्कोही आहे, तेव्हा एक सापडलं म्हणून शोध थांबवू नका.