म्युनिकच्या बदलीचं पत्र आलं की काय काय बघायचं

पुण्याच्या ऑफिसातून म्युनिकला बदली ठरली की सगळ्यांची नजर आधी रिलोकेशनच्या ठोक रकमेवर जाते. ती बाजूला ठेवा आणि करार कुणाशी होतोय ते बघा. भारतातल्या कंपनीत राहून तिकडे फक्त डेप्युटेशनवर जाणार असाल तर सहसा आयसीटी कार्ड (एकाच कंपनीत दुसऱ्या देशात बदली झालेल्यांचा राहण्या-कामाचा परवाना) मिळतं, आणि त्याची मुदत स्पेशलिस्टसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं. अशांनी निघण्याआधी ईपीएफओचं (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं) कव्हरेज सर्टिफिकेट काढून घ्यावं, म्हणजे पीएफ इथेच चालू राहतो आणि तिकडच्या पेन्शनसाठी वेगळी कपात होत नाही. जर्मन कंपनीशी थेट करार असेल तर ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांसाठीचा युरोपियन परवाना) मिळू शकतं. तिकडेच स्थिरावायचं मनात असेल तर माझ्या मते तेच मागावं.

मग पत्र ओळ न ओळ वाचा. कुटुंबाची तिकिटं आणि व्हिसाची फी, सामानाचा खर्च, तात्पुरतं घर किती आठवडे, घर शोधून देणारा एजंट, दोन्ही देशांतली टॅक्स रिटर्न भरायला सल्लागार, मधेच नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे, आणि प्रोजेक्ट लवकर बंद पडला तर परतीचं भाडं कुणाचं, हे सगळं लेखी हवं. ‘तिकडे गेल्यावर बघू’ यावर थांबू नका; सही झाल्यावर तुमच्या शब्दाला वजन उरत नाही. ठोक रकमेवर जर्मनीत पगारासारखा कर लागतो, तर बिलं दाखवून मिळालेला स्थलांतराचा खर्च कायद्याच्या मर्यादेत करमुक्त असतो. म्हणून शक्य तिथे बिलांचा पर्याय घ्या आणि पावती एकही टाकू नका.

तात्पुरत्या घराबद्दल एक प्रश्न आधीच विचारा: तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी होईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. जर्मनीत पगारावरचा कर सहा वर्गांत कापला जातो; टॅक्स नंबर नसेल तर सर्वात जड, सहाव्या वर्गाचा कर कापला जाऊ शकतो. नवराबायकोंना फायद्याचा तिसरा वर्गही जोडीदार जर्मनीत राहायला आल्यावरच मिळतो, म्हणजे कुटुंब मागाहून येणार असेल तर तोवर हातात पगार कमी पडणार.

खरी कसोटी पहिल्या तीन महिन्यांच्या रोख पैशांची. समजा, घराचं मूळ भाडं 1,500 युरो आहे. डिपॉझिट तिप्पट असू शकतं, म्हणजे 4,500, आणि हीटिंग वगैरे धरून पहिलं भाडं साधारण 1,800. झाले 6,300. डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे, पण घरासाठी रांग लागलेल्या शहरात तो सांगायला जीभ रेटत नाही. त्यामुळे कंपनीकडून बिनव्याजी ॲडव्हान्स मागून ठेवा. शिवाय बऱ्याच घरांत किचन नसतं. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं, काहीच नाही. भिंतीतून पाण्याचा नळ आणि शेगडीची वायर बाहेर आलेली, आणि छताला दिव्याऐवजी नुसत्या तारा. आधीचा भाडेकरू त्याचं किचन विकत घ्या म्हणतो, नाहीतर ते काढून नेतो. पॅकेजमध्ये फर्निचर लिहिलं असेल तर त्यात किचन धरलंय का, हे नाव घेऊन विचारा.

जोडीदाराच्या जर्मन वर्गाची फीही मागा. ए1 (जर्मनची सर्वात सुरुवातीची पातळी) तरी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात उरकून जाणं चांगलं. भारतातला ड्रायव्हिंग लायसन्स तिकडे सहाच महिने चालतो, त्यानंतर परीक्षा.

आता इकडचं. बँकेला कळवून सेव्हिंग खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं खातं) करा. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला टीडीएस कापावा लागेल हे त्याला आधीच सांगा. निघायची तारीख सीएला विचारून ठरवा, कारण आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरले की त्या वर्षी करासाठी तुम्ही इथलेच रहिवासी ठरता.

आणि आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असतील तर हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. जर्मन कंपनीच्या करारावर गेलात की इथली नोकरी संपते आणि त्यांचं कव्हरही जातं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना हलवता येतं, आणि जुन्या आजारांच्या वेटिंग पिरियडमधली (त्या आजारांचा खर्च मिळायला थांबावं लागतं त्या काळातली) झालेली वर्षं धरली जातात. मात्र अर्ज कंपनीची ग्रुप पॉलिसी चालू असतानाच करावा लागतो. एचआरकडून पॉलिसी नंबर आणि आईवडील कधीपासून कव्हरमध्ये आहेत त्याचं पत्र आजच मागून घ्या.