पॉइंटर काढायचा असेल तर आधी पेपरची रचना वाचा

पॉइंटर म्हणजे सेमच्या सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी. तो चांगला यावा म्हणून इंजिनिअरिंगला नव्याने आलेले ज्युनिअर नेहमी विचारतात, "ताई, रोज किती तास बसायचं?" मी त्यांना उलट विचारते, तुमच्या विषयाचा एंडसेमचा, म्हणजे सेमच्या शेवटच्या परीक्षेचा, जुना पेपर नीट बघितलाय का? बहुतेकांनी बघितलेला नसतो.

माझं मेकॅनिकल सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये झालं. थिअरीचा विषय शंभराचा. पहिल्या दोन युनिटवर ३० गुणांची इनसेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, आणि उरलेल्या चार युनिटवर ७० ची एंडसेम. एंडसेमला प्रश्न १ किंवा २, ३ किंवा ४, ५ किंवा ६, ७ किंवा ८ असं असायचं. म्हणजे पर्याय असतो तो एकाच युनिटमधल्या दोन प्रश्नांत. एक युनिट ऑप्शनला टाकलं की १७-१८ गुण हातचे गेले, दुसरं युनिट कितीही पक्कं असलं तरी ते भरून निघत नाहीत. बारावीपर्यंत अवघड धडा सोडून बाकीच्यांवर जोर द्यायची सवय लागलेली असते, ती इथे फार महागात पडते. एक युनिट तोंडपाठ आणि दुसरं कोरं, यापेक्षा चारही युनिट बऱ्यापैकी येणं कधीही चांगलं. आता २०२४ चा पॅटर्न आलाय, विषयही बदललेत. तेव्हा सेमच्या पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या पॅटर्नचा सिलॅबस उतरवून घ्या आणि कोणत्या युनिटला किती गुण आहेत ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

इनसेमला लोक हलक्यात घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रश्न तीस गुणांपुरता नसतो. सॉलिड मेकॅनिक्सचं बघा. दुसऱ्या युनिटला बीमवरच्या (तुळईवरच्या) शिअर फोर्स म्हणजे कापू पाहणाऱ्या बलाच्या आणि बेंडिंग मोमेंट म्हणजे वाकवणाऱ्या परिणामाच्या आकृत्या होत्या. तिसऱ्या युनिटमध्ये बीममधला बेंडिंग स्ट्रेस काढायचा, तर सूत्रात घालायला कमाल बेंडिंग मोमेंट लागतो आणि तो त्याच आकृतीवरून मिळतो. इनसेमपुरतं कसंबसं ढकललेलं युनिट एंडसेमला असं पुन्हा समोर येऊन उभं राहतं.

याच आकृत्यांचा अभ्यास मी कसा करायचे ते सांगते, कारण बाकी सगळ्या विषयांना मी हीच पद्धत लावली. सोडवलेलं गणित एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सोडवायचं. आधी आधारांच्या रिअॅक्शन, मग प्रत्येक बिंदूला शिअर, मग मोमेंट. यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला भार, असेल तिथे शिअरची रेघ तिरकी आणि मोमेंटची वक्र आली पाहिजे. शिअर जिथे शून्यातून पलीकडे जातो तिथे मोमेंट सर्वांत जास्त आला पाहिजे. सिंपली सपोर्टेड, म्हणजे दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या, बीमच्या टोकाला मोमेंट शून्य येत नसेल तर गणित चुकलंय, हे उत्तर न बघताही कळतं. अशा खुणा प्रत्येक विषयात असतात, त्या शोधून ठेवा. पुस्तक उघडं ठेवून गणित बघितलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. हात कुठे अडतो ते पुस्तक मिटल्यावरच कळतं.

हे केवळ माझ्या अनुभवाचं नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, वाचून काढलेलं पेपरात का आठवत नाही, त्याचं कारण इथेच आहे. म्हणून पीएल नवं शिकायला ठेवू नका. तेव्हा जुने पेपर अडीच तासांचं घड्याळ लावून लिहा.

आता थोडा हिशेब. प्रत्येक विषयाचे क्रेडिट (त्या विषयाचं वजन) गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज भागिले एकूण क्रेडिट, म्हणजे एसजीपीए, तोच आपला पॉइंटर. आमच्या सेकंड इयरच्या सेमला २२ क्रेडिट होते. तीन क्रेडिटच्या थिअरीत एक ग्रेड वर चढली तर पॉइंटर साधारण ०.१४ ने वाढतो, एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये तेवढ्याच चढाला ०.०५ पेक्षाही कमी. आवडीच्या विषयात आधीच सर्वांत वरची ग्रेड येत असेल तर तिथे आणखी गुण मिळवून पॉइंटर हलत नाही. जो थिअरीचा विषय ग्रेडच्या सीमेवर अडकलाय त्याला ते तास द्या.

म्हणून प्रॅक्टिकल सोडून द्या असं मात्र नाही. टर्मवर्कची, म्हणजे सेमभरातल्या प्रॅक्टिकलच्या कामाची, फाईल दर आठवड्याला सही घेऊन पूर्ण ठेवली की सबमिशनच्या आठवड्यातल्या रात्री वाचतात, आणि त्या नेमक्या अभ्यासाच्या रात्री असतात. ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, बहुधा तुमचीच फाईल उघडून त्यातल्याच आकृतीवर बोट ठेवतात, त्यामुळे स्वतः काढलेली आकृती असेल तर बोलता येतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक आवर्जून सांगते. संकल्पना मराठीत समजून घ्यायला अजिबात लाजू नका, पण व्याख्या आणि दोन-तीन वाक्यांचं स्पष्टीकरण इंग्रजीत मोठ्याने बोलून बघा, रूममेटसमोर बोललात तर उत्तमच. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांनी एम-थ्रीच्या (गणिताच्या तिसऱ्या विषयाच्या) तासाआधी इंटिग्रेशन आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह उजळून घ्यावं. फर्स्ट इयरचं एम-वन, एम-टू झालेलं नसल्यामुळे त्यांची खरी अडचण तिथे होते, एम-थ्रीच्या नव्या सूत्रांत नाही.

निकालात एखाद्या विषयाचे गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी आले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत थोडी असते, त्यामुळे निकालाच्या दिवसापासूनच परिपत्रकावर लक्ष ठेवा. फोटोकॉपी हातात आली की विषयाच्या सरांसोबत बसून पानन्‌पान तपासा. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, बेरीज बरोबर आहे का, हे बघा आणि मगच रिव्हॅल्युएशनला टाकायचं की नाही ते ठरवा.