आधी मेकअपची पेटी उघडा

मी नृत्य शिकवते. वर्णभेद वर्गाबाहेर ठेवायचा असेल तर सुरुवात भाषणाने नको, सामानाने करा. मेकअपची पेटी उघडा. सगळ्यात गडद छटेची डबी आहे का त्यात? ‘स्किन कलर’ म्हणून मागवलेले टाइट्स नेमक्या कुणाच्या कातडीच्या रंगाचे आहेत?

बॅलेचे बूट वर्षानुवर्षं फिकट गुलाबीच मिळायचे. काळ्या नर्तकी स्पंजने फाउंडेशन लावून ते स्वतः रंगवायच्या. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या बॅले संस्थेने १९७० च्या दशकातच नर्तकांच्या वर्णाशी जुळणारे बूट-टाइट्स वापरायला घेतले. लंडनच्या फ्रीड कंपनीने तपकिरी छटांचे पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांवर उभं राहून नाचायचे बूट, आणले ते थेट २०१८ मध्ये! म्हणून सामानाच्या यादीत ‘तुमच्या वर्णाशी जुळणारे’ असं लिहा आणि ते कुठे मिळतात हे आधी तुम्ही शोधा.

भूमिकावाटपाची वही ठेवा. मी एका सावळ्या मुलीला लागोपाठ तिसऱ्यांदा दासी केलं होतं. तिने काही न बोलता तबक उचललं, तेव्हा मला ते दिसलं. आता जुनी पानं चाळल्याशिवाय मी नावं जाहीर करत नाही.

रंगीत तालमीत प्रत्येक चेहऱ्यावरचा प्रकाश वेगळा तपासा. गडद चेहरा अंधारात जात असेल तर दिवा हलवा, पावडर थापू नका.

कुणी रंगावरून बोललं तर तालीम तिथेच थांबवा. बोलणाऱ्याला स्पष्ट सांगा. जिला लागलंय तिला सगळ्यांसमोर काही समजावून सांगायला लावू नका. नंतर एकटीला भेटा, तिचं ऐकून घ्या.