टॅबचा कॅमेरा घरीच बदलायचाय? मग आधी हे वाचा

टॅबलेटचा कॅमेरा बदलायचा म्हटलं की लोक कॅमेऱ्याला घाबरतात, पण कॅमेरा म्हणजे नखाएवढा तुकडा असतो, एका छोट्या कनेक्टरवर बसलेला, तो काढून दुसरा लावायला फार तर पाच मिनिटं. खरा घाम निघतो तो टॅब न मोडता उघडताना. व्हिडिओवाले नेमका तोच भाग पळवून दाखवतात आणि मग बघणाऱ्याला वाटतं अरे एवढंच तर आहे.

मी इथे सॅमसंगचा टॅब ए १०.१, २०१९ चा, तो डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी हा आणि त्याच्यानंतरचा टॅब ए७ बऱ्याच घरांत आला आणि आता ते टॅब वॉरंटीच्या बाहेर आहेत, म्हणजे आपण उघडायला मोकळे. वॉरंटी चालू असेल तर मात्र हात लावू नका, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. आयपॅडचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा खरंच गेलाय का ते बघा. खराब कॅमेरा म्हणून लोक जे टॅब घेऊन येतात त्यातल्या कित्येकांचा कॅमेरा ठणठणीत असतो. मागच्या कॅमेऱ्यावरची काच ओल्या कापडाने नीट पुसा, कव्हरचं भोक बरोबर कॅमेऱ्यावर येतंय ना ते बघा, कारण स्वस्तातल्या फ्लिप कव्हरची कड सरकून अर्धी लेन्स झाकते आणि फोटोत एका बाजूला काळं दिसतं. मग टॅब रिस्टार्ट करा, सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा ॲपचा कॅशे साफ करा, स्टोरेज गच्च भरलंय का बघा, आणि बॅटरी अगदी तळाला गेलेली असताना टेस्ट करू नका कारण तेव्हा कॅमेरा ॲप उघडायलाच नकार देतं. अँड्रॉइड १२ किंवा त्याच्या पुढचं असेल, म्हणजे टॅब ए७ ला अपडेट मारलेलं असेल, तर वरून पट्टी खाली ओढल्यावर कॅमेरा ॲक्सेस नावाचं एक बटण असू शकतं, ते पोरांकडून चुकून बंद होतं आणि मग सगळ्या ॲपमध्ये नुसता काळा पडदा. १०.१ वाला अँड्रॉइड ११ वरच थांबला त्यामुळे त्यात ही भानगड नाही.

सेफ मोडमध्ये, म्हणजे आपण टाकलेली ॲप बंद ठेवून, टॅब चालू करून बघा, तिथे कॅमेरा चालला तर दोष कुठल्यातरी टाकलेल्या ॲपचा आहे. सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये डायग्नोस्टिक्स आहे, त्यात कॅमेऱ्याची टेस्ट असते, तीही करून घ्या.

आता लक्षणं. पुढचा आणि मागचा दोन्ही कॅमेरे एकदमच गेले असतील तर शंका सॉफ्टवेअरवर नाहीतर बोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर घ्या, दोन वेगळे पार्ट सहसा एकाच दिवशी मरत नाहीत. एकच गेलाय आणि दुसरा मस्त चालतोय तर मात्र त्या कॅमेऱ्याचा किंवा त्याच्या कनेक्टरचा प्रॉब्लेम. चित्र दिसतंय पण जांभळ्या-गुलाबी रेषा येतायत तर सेन्सर किंवा त्याची पट्टी, म्हणजे कॅमेऱ्याला बोर्डशी जोडणारी चपटी वायर. चित्र येतं पण फोकस होत नाही, सारखं आत-बाहेर होत राहतं, तर ऑटोफोकसची मोटर गेली, हे टॅब पडल्यावर हमखास होतं. सगळे फोटो धुरकट, उजेडाकडे धरलं की पांढरी झाक, तर कॅमेरा नाही, वरची काच घासली गेलीय. ती काच मागच्या कव्हरला वेगळी चिकटवलेली असते, तेवढीच बदलता येते, पूर्ण कॅमेरा घ्यायची गरज नाही. आणि कॅमेरा चालू ठेवून टॅबच्या मागे त्या जागी बोटाने हलकं दाबल्यावर चित्र येत-जात असेल तर कनेक्टर सुटलाय, अशा वेळी नवा पार्ट आणायच्या आधी उघडून जुनाच काढून परत बसवून बघा, फुकटात काम होतं. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या घरांत तर खाऱ्या दमट हवेने कनेक्टरवर हिरवट थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने साफ केला की मेलेला कॅमेरा उठून बसतो.

पार्ट घेताना मॉडेल नंबर म्हणजे सगळं काही. दुकानात जाऊन टॅब ए द्या म्हणालात तर दुकानदार विचारेल कुठला, कारण टॅब ए नावाखाली सॅमसंगने ढीगभर टॅब काढलेत. सेटिंगमध्ये टॅबलेटबद्दलच्या पानावर नंबर असतो, १०.१ चा वायफायवाला एसएम-टी५१०, सिमवाला एसएम-टी५१५, टॅब ए७ चा टी५०० आणि टी५०५, आठ इंचीचा टी२९० आणि टी२९५. तो पूर्ण नंबर सांगा आणि पुढचा कॅमेरा हवाय की मागचा तेही सांगा, १०.१ ला मागे ८ मेगापिक्सल आहे आणि पुढे ५, दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केट, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास विचारलंत की मिळतं, नाहीतर ऑनलाइन. माझं मत विचाराल तर नवीन कॉपी पार्टपेक्षा दुसऱ्या फुटलेल्या टॅबमधून काढलेला ओरिजनल कॅमेरा कधीही बरा, फक्त घेताना पट्टीला घडी पडलेली नाही ना आणि लेन्सवर ओरखडा नाही ना ते उजेडात धरून बघा. जुना कॅमेरा बाहेर काढून त्याच्याशी पट्टीचा आकार आणि कनेक्टर ताडून मगच पैसे द्या हे सगळ्यात उत्तम, पण मग टॅब उघडा ठेवून दुकानात जावं लागतं, तेवढं जमत असेल तर करा.

सामान फार लागत नाही. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, गिटार वाजवायच्या पिकसारख्या प्लास्टिकच्या पातळ पात्या तीन-चार, टोकदार चिमटा, फोटोच्या लेन्सवर हवा मारायचा रबरी फुगा, अल्कोहोल आणि केस वाळवायचा ड्रायर. चाकू, ब्लेड, स्टीलची पट्टी यातलं काहीही जवळसुद्धा ठेवू नका कारण हात तिकडेच जातो. मागच्या कव्हरखाली जवळजवळ सगळी जागा बॅटरीने व्यापलेली असते, १०.१ मध्ये ६१५० एमएएचची, तिला धातूचं टोक घुसलं तर धूर आणि आग, मग कॅमेरा वगैरे विसरा.

त्यामुळे उघडायच्या आधी बॅटरी वापरून २५ टक्क्यांच्या खाली आणा, कमी चार्ज असलेली बॅटरी बिघडली तरी कमी भडकते. टॅब पूर्ण बंद करा, नुसती स्क्रीन नाही. आणि टॅब टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, स्क्रीन एका बाजूने उचलल्यासारखी दिसत असेल तर बॅटरी फुगलीय, मग हे काम घरी करूच नका.

सिमचा आणि मेमरी कार्डचा ट्रे आधी बाहेर काढा. हे लोक विसरतात आणि कव्हर निघताना ट्रे आतल्या स्लॉटची पिन घेऊन बाहेर येतो.

आता उघडणं. यात मागचं कव्हर क्लिपांवर बसलेलं असतं आणि स्क्रीन फ्रेमसकट एका बाजूला राहते. स्क्रीन खाली करून मऊ टॉवेलवर ठेवा. फ्रेम आणि मागचं कव्हर जिथे मिळतात ती बारीक फट शोधा, ती स्क्रीनच्या काचेची कड नाही हे दोनदा बघा, काच आणि फ्रेमच्या मधे पाती घातलीत तर स्क्रीन जाते आणि स्क्रीनची किंमत ऐकलीत तर कॅमेऱ्याशिवाय जगायला शिकाल. कडा गार असतील तर ड्रायर मध्यम गरम करून कडेकडेने फिरवा, हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे पण चटका बसायला नको, आणि मधोमध जिथे बॅटरी आहे तिथे अजिबात नाही. मग पाती तिरकी घालून अलगद पिळा, टक् असा आवाज येईल, तो क्लिप सुटल्याचा. पाती तिथेच ठेवा आणि दुसरी पाती घेऊन पुढे सरका, पहिली काढलीत की क्लिप परत बसते. पाती फार आत घालू नका, तीन-चार मिलिमीटर पुरे, बटणांच्या आणि चार्जिंगच्या बाजूला आणखी कमी. इथे घाई करायची नाही, एखादी बाजू हटून बसली तर तिला सोडून दुसरीकडून या. फणसाचे गरे काढतो तशा शांतपणे चारी बाजू सोडवत जायचं. सगळ्या बाजू सुटल्या तरी कव्हर झटक्यात ओढू नका, आधी थोडं उचलून आत डोकावा, काही मॉडेलमध्ये एखादी पट्टी कव्हरला जोडलेली असते.

आत आल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. बाकी कशालाही हात लावायच्या आधी. प्लास्टिकच्या पातीने सरळ वर उचलायचा, आडवा ओढायचा नाही. बोर्डवर करंट असताना कॅमेऱ्याचा कनेक्टर काढला-घातला की शॉर्ट होऊन आज चालू असलेलं पण बंद पडतं. सिंथेटिक कपडे आणि गालिचा टाळा, हाताने एकदा नळाला किंवा लोखंडी कपाटाला स्पर्श करून घ्या, अंगातली स्थिर वीज उतरते.

कॅमेऱ्यावर पत्र्याचं झाकण किंवा चिकटपट्टी असेल ती काढा. स्क्रू काढलेत तर कागदावर टॅबचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी सेलोटेपने चिकटवा, कारण दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की खालच्या बोर्डाचे पातळ थर कापले जातात. कॅमेऱ्याचा कनेक्टर दोनपैकी एका प्रकारचा असतो. एक टिचबटणासारखा दाबून बसणारा, तो सरळ वर उचलायचा. दुसऱ्यात पट्टी आत घुसलेली असते आणि वर छोटं काळं किंवा पांढरं झाकण असतं, ते नखाने उभं करायचं आणि मग पट्टी आडवी बाहेर सरकवायची. हे ओळखल्याशिवाय ओढाओढ करू नका, ते झाकण तुटलं तर घरी दुरुस्त होत नाही.

जुना कॅमेरा निघाला की तो बाजूला फेकू नका. त्याच्याभोवती बारीक रबराची किंवा फोमची चौकट असते, कधी पत्र्याची टोपी असते, नव्या पार्टबरोबर ती बहुतेक वेळा येतच नाही. ती सोडवून नव्यावर बसवा. ती नसेल तर कॅमेरा आत हलतो आणि आजूबाजूने धूळ शिरते, मग महिनाभराने परत धुरकट फोटोंची तक्रार.

नव्या कॅमेऱ्यावर लेन्सला पातळ फिल्म चिकटवलेली असते, ती अगदी कव्हर बंद करायच्या क्षणापर्यंत काढायची नाही. लेन्सला बोट नाही लावायचं. कव्हरच्या काचेची आतली बाजू अल्कोहोलने पुसून रबरी फुग्याने हवा मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब बसतात आणि ते फोटोतच दिसतात. कनेक्टर बसवताना आधी बरोबर वर ठेवून बोटाने चाचपा, जागेवर आला की हलकी टक् जाणवते, मग दाबा. बसत नसेल तर जागा चुकलीय, जोर वाढवायचा नाही.

आता लगेच बंद करू नका. बॅटरी जोडा आणि कव्हर न लावताच टॅब चालू करा, स्क्रीन दुसऱ्या बाजूला असल्याने हे आरामात जमतं. फिल्म तेवढ्यापुरती वर करून मागचा कॅमेरा जवळच्या पेपरवर आणि लांबच्या खिडकीवर फोकस करून बघा, व्हिडिओ घ्या, आवाज येतोय ना ऐका, पुढचा कॅमेरा, टच, स्पीकर, चार्जिंग, वायफाय सगळं एकदा बघा. काहीतरी उघडताना सुटलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. मग परत बंद, फिल्म काढा, एकदा हवा मारा, कव्हर ठेवून कडेने बोटांनी दाबत जा, सगळ्या क्लिपा टक् टक् बसतील. एखादी तुटली असेल आणि तिथे फट राहत असेल तर बी-७००० गमचा अगदी बारीक थेंब लावून रबरबँडने आवळून रात्रभर ठेवा. फेविक्विक वापरू नका, त्याची वाफ लेन्सवर पांढरी बसते.

एवढं करून नवा कॅमेराही चालला नाही तर? परत उघडून कनेक्टर पुन्हा बसवा, त्यातल्या पिना वाकल्यात का मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. पिना सरळ आणि तरी काळा पडदा, तर बोर्डवरचा सप्लाय गेलेला असू शकतो, ते मायक्रोस्कोप आणि हॉट एअरवाल्या माणसाचं काम, आपलं नाही.

आणि आयपॅड. तिथे मागून उघडतच नाही, आधी पुढची काच चारी बाजूंनी तापवून सोडवावी लागते, कारण ती पूर्ण गमने चिकटवलेली असते. आयपॅड एअर २ पासून पुढच्या एअर आणि प्रोमध्ये काच आणि डिस्प्ले एकजीव आहेत, म्हणजे काच तडकली की पूर्ण डिस्प्ले गेला. होम बटणाचा फिंगरप्रिंट त्या आयपॅडच्या बोर्डाशीच जोडलेला असतो, ते बटण किंवा त्याची पट्टी काच काढताना दुखावली तर दुसरं बटण लावून टच आयडी येत नाही, आणि फेस आयडीवाल्या प्रोमध्ये पुढचा कॅमेरासंच बदलला तर फेस आयडी बंद पडू शकतो. आयपॅडचा नुसता मागचा कॅमेरा धुरकट असेल आणि बाकी सगळं चालत असेल तर मी तरी तो घरी उघडणार नाही, फोटो मोबाईलने काढा.